आमच्यात नसते ते

बडनेरा स्टेशनवर संध्यानं एका अनोळखी तरुणाच्या हातातली पाण्याची बाटली सरळ हिसकावून घेतली. तिचा धाकटा भाऊ धर्मेंद्र बाकावर कण्हत पडला होता. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची कळ उठली की त्याला आधी पाणी लागे. तरुण बघतच राहिला... मग धावत जाऊन आणखी बाटल्या घेऊन आला.

"मागितली असती तं दिलीच असती," तो म्हणाला.

"मागायले वेळ कोनाले होता?"

हा किशोर. अकोल्याकडच्या शेतकरी घरातला, शेतांत सोलर पंप बसवत फिरणारा. त्यानंतर त्याची सगळी कामं नेमकी भातकुलीतच निघू लागली, आणि संध्या भातकुलीच्याच शाळेत शिकवायची. काय बाप्पा योगायोग! चहा झाले, चिडवाचिडवी झाली. एक दिवस शाळेच्या फाटकापाशी त्यानं लग्नाचं विचारलंच.

संध्यानं आडपडदा ठेवला नाही. ती स्वतः त्या आजाराची वाहक होती. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण नवराबायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक लेकराला तो आजार होण्याचा चारात एक धोका. धर्मेंद्रची तडफड पाहत ती मोठी झाली होती. वाहकाशी लग्न करायचं नाही, अशी तिची शपथच होती. "रक्त तपासून ये," ती म्हणाली.

किशोर हसला. "आमच्यात नसते ते."

संध्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या बौद्ध समाजात, मेळघाटातल्या आदिवासींत हा आजार जास्त दिसतो, हे खरंच. पण आजार जातीचा दाखला पाहून रक्तात शिरत नाही, असं तिनं त्याला खडसावलं आणि तोंड फिरवून निघून गेली.

आठवडाभरानं तो पुन्हा फाटकापाशी उभा. चेहरा उतरलेला.

"मी बी वाहक निंगालो... माय रडून राह्यली. मनते, हे आपल्यात आलं कुठून?"

"लपवलं काहून नाई?"

"तुयापासून?" तो कसनुसा हसला. "आता तं आपली जात एकच झाली, संध्या."

तिला हसू आलं, आणि रडूही. शपथ घेतली तेव्हा तिच्यासमोर किशोर नव्हता.

"दिवस राह्यले का लगेच पोटातल्या लेकराची तपासनी," ती म्हणाली. "अन् मंग काय करायचं, त्याचा शेवटचा शब्द माया."

"तुयाच."

"मंग मले तू पायजे," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात, शाळेच्या पोरांदेखत, तिनं त्याचा हात धरला.