खिळ्याखालचा जार

खासगी तपासाच्या कचेरीच्या पाटीवर दीपमालाचं नाव बोटभर जाड अक्षरांत होतं आणि त्याखाली खुशालरावांचं, मुंगीएवढं. तीस वर्षं पोलिसात घालवलेल्या माणसाला ते रोज टोचायचं. त्या सकाळी त्यांनी तोंड उघडलंच.

"पेंटर बोलावतो मी. मायं नाव वर पायजे."

दीपमाला उत्तर देणार, तोच नीलम आत आली. पिंपळखेडच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची ती प्रमुख, तीन महिन्यांपूर्वीच नेमलेली.

"काल सकाळी कोणीतरी बायपासचं गेट उघडलं, ताई. शहराची सारी घाण तशीच नदीत गेली. मासे मेले. किल्ली माया प्रयोगशाळेत खिळ्याले असते, म्हणून आळ मायावर. आज पाचले निलंबनाचा कागद निघते."

किल्ली हिची, तर काम हिचंच असणार, असं खुशालरावांना वाटलं. अमरावतीहून केंद्रावर पोचेपर्यंत त्यांनी ते दोनदा बोलूनही दाखवलं.

पावणेनऊला गेट बंद होतं, नऊला उघडं. चाक फिरवायलाच दहा मिनिटं लागत. त्या वेळी नीलमखेरीज केंद्रावर दोघेच होते.

इलेक्ट्रिशियन शाकीबनं मोबाइल पुढे केला. "मोटार जळाली होती. अकोल्याच्या मिस्त्रीले व्हिडिओवर दाखवून राहिलो होतो. पंचवीस मिनिटं. पूछ लो."

मिस्त्रीनं फोनवर हो म्हटलं.

दुसरे ओमप्रकाश, बावीस वर्षांचे जुने ऑपरेटर. "मी त्या टोकाले, सांडपाण्यात हवा सोडतेत त्या हवेच्या टाकीवर होतो. ठोक्यानं नऊले गाळ तपासाचा रोजचा जार भरला, प्रयोगशाळेत टेबलावर आणून ठेवला, अन् पोरीची बोंब आयकली."

"मॅडमची," शाकीब म्हणाला. ओमप्रकाशांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी किल्ली पाहाले धावली," नीलम म्हणाली. "खिळा रिकामा होता. पुरावा म्हणून फोटो काढला."

नऊ वाजून दोन मिनिटांचा फोटो. खुशालरावांनी रिकामा खिळा निरखला. दीपमालाची नजर मात्र खिळ्याखाली, फोटोतल्या टेबलावरच्या काचेच्या जारवर होती. तळाला गाळ, वर नितळ पाणी.

"काका, हवेच्या टाकीतून असाच एक जार भरून आणा बरं."

आता हेही आपणच! मनात चरफडत त्यांनी जार भरून आणला. पाणी वरपासून खालपर्यंत चहासारखं एकरंगी होतं.

"आता चहा घेऊ," दीपमाला म्हणाली.

अर्ध्या तासानं तिनं सगळ्यांना टेबलाजवळ बोलावलं. जारमधला गाळ तळाशी बसला होता. वर नितळ पाणी होतं.

"भरला तेव्हा कसा होता, काका?"

"सारा गढूळ," खुशालराव म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते त्यांना कळलं. फोटो त्यांनीही पाहिला होता.

"ओमप्रकाशजी, नऊला भरलेला जार दोन मिनिटांत असा निवळत नाही. तुम्ही तो साडेआठलाच भरला, रोजच्या सवयीनं. मग किल्ली घेऊन गेटवर गेलात. टाकीवर होतो हे पटावं म्हणून नुसती वेळ बदललीत."

ओमप्रकाशांनी जार हातानं बाजूला सारला.

"बावीस वर्षं या घाणीत हात घातले मी. शिकवलं मी तिले. अन् खुर्ची तिले, सारे मॅडम-मॅडम करून राहिले तिले! मले नाई पाहावलं, बाई. मासे मरतीन हे मनातच नाई आलं."

त्यांनी कबुली स्वतःच्या हातानं लिहून दिली. चार वाजता नीलमनं ती वरिष्ठांना पाठवली आणि मग कुठं ती रडली.

खुशालरावांना त्या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

परतताना गाडीत दीपमाला म्हणाली, "काका, सकाळी राहूनच गेलं. पेंटरला केव्हा बोलावता?"

खुशालरावांनी खिडकीची काच खाली केली.

"राहू दे," ते म्हणाले. "तुयंच नाव वर बरं दिसते."