सर, पुरवणी

घंटा झाली तरी ती पेपर सोडेना. पर्यवेक्षक एका बाजूने ओढतायत, ही दुसऱ्या बाजूने लिहितेय — "सर, एकच वाक्य… चाक फिरलं की सूत…" सूत तिथेच तुटलं. उत्तरपत्रिका गेली आणि हिच्या हातात उरलं नुसतं पेन.

इतिहासाचा पेपर. बाकीचे सगळे विषय तिने पहिल्या झटक्यात काढले होते. इतिहास तेवढा मागच्या खेपेला राहिला, आणि आजही राहणार हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. डोळ्यांतलं पाणी परतवत ती तरातरा पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर पाय पसरून बसलेल्या एकावर जवळजवळ आदळलीच.

"जरा बघून," तो म्हणाला. शर्टाच्या बाहीवर निळ्या-पिवळ्या रंगाचे शिंतोडे. "अवघड गेला वाटतं?"

"अवघड कसला? सगळं येत होतं. वेळ पुरला नाही."

"कमाल आहे. मला तर उरला. अर्ध्या वेळेतच बाहेर आलो."

"एवढं येत होतं?"

"एवढं लिहिलं. क्रांतीची कारणं विचारली, मी लिहिलं, 'भूक आणि माज.' अजून काय सांगायचं असतं?"

रडायच्या बेतात असलेल्या मुलीने असं फसकन हसू नये. पण ती हसली. मग स्वतःवरच चिडून, ओढणी सावरत, मागे न बघता निघून गेली.

आता हिच्या हट्टाचं कारण सांगायला हवं. ही टेलरची लेक. आई आजारी पडली तेव्हा शाळा सुटली आणि ही वडिलांच्या शेजारी मशीनवर बसली. हात असा, की हिने बसवलेली कॉलर लोक उलटसुलट करून बघत. तशीच एक कॉलर बघून शिवणसंस्थेच्या मुख्य बाई खुद्द दुकानात आल्या होत्या. "मुलींना शिकवायला ये माझ्याकडे," त्या म्हणाल्या, "पण शालान्त प्रमाणपत्र लागेल. पुढच्या वर्षापर्यंत जागा धरून ठेवते. त्यापुढे माझाही इलाज नाही." त्या दिवसापासून वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटले होते, माझी लेक बाई होणार. आणि इकडे लेक एका प्रश्नाला पानंच्या पानं लिहायची नि बाकीचे प्रश्न कोरे ठेवायची. हातातलं काम पुरं केल्याशिवाय दुसऱ्याला शिवायचं नाही, ही दुकानाची शिस्त तिने थेट परीक्षेत नेली होती.

निकाल लागला, दोघंही नापास. फळ्यासमोर तो पुन्हा भेटला. "काय, लांबण?" त्याने हळूच विचारलं. "काही नाही, त्रोटक," तिनेही तेवढ्याच हळू परतवलं. दोघांची बारशी अशी नापासांच्या गर्दीत झाली.

पुढे थोड्याच दिवसांत वडिलांनी दुकानाची नवी पाटी करायला पेंटर बोलावला. शिडी घेऊन आला तो हाच. थोरल्या बहिणीने वाढवलेला, पाट्या रंगवून पोट भरणारा, आणि चित्रशाळेत जायचं वेड घेतलेला. चित्रशाळेलाही तेच प्रमाणपत्र हवं होतं. तो कोऱ्या पाटीवर खडूने रेघा मारत बसला. ती खालून बघत राहिली. अर्थात कामाकडे.

"आधी खडू कशाला? सरळ रंगवायचं की."

"सरळ रंगवलं की पहिली अक्षरं ऐसपैस बसतात आणि शेवटची कोपऱ्यात एकमेकांच्या मांडीवर." त्याने शिडीवरून वाकून पाहिलं. "तुमच्या उत्तरपत्रिकेसारखी."

"मला शिकवायला कुणी सांगितलं तुम्हाला?" असं म्हणून ती जी आत गेली, ती त्या दिवशी पुन्हा त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. मानी होती ना. पण कापड बेतताना हात थांबला. कापडावर खडू फिरवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे तर तीच रोज करत होती. मग पेपरावरच काय बिघडलं?

दुसऱ्या दुपारी पावसाची भुरभुर सुरू झाली. ओल्या पाटीवर रंग धरेना, म्हणून तो दुकानाच्या पत्र्याखाली येऊन उभा राहिला. तिने टेलरिंगचा खडू त्याच्यापुढे ठेवला.

"दाखवा… पेपर कसा आखायचा ते."

एवढं वाक्य बोलायला तिला किती जड गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक. त्यालाही कळलं असावं, कारण तो चिडवायचं विसरला. त्याने बेतायच्या टेबलावर एक लांब पट्टी काढली. "हा तुमचा सगळा वेळ. ज्या प्रश्नाला जास्त गुण, त्याला जास्त जागा. आणि इथे शेवटी थोडी मोकळी ठेवायची, वाचून बघायला. पेन खाली ठेवून आधी अख्खा पेपर वाचा. हुकमी येतं ते आधी लिहा. आणि रेघ आली की त्या प्रश्नावरून उठायचं."

"वाक्य अर्धं असलं तरी?"

"तरी. खाली जागा सोडायची, पुढे जायचं, शेवटी परत यायचं."

"अर्धं टाकून मला चैन पडत नाही."

"दिसतंच आहे," तो म्हणाला. "काल माझ्याशी बोलणं अर्धं टाकलंत, ते आज पुरं करायला आलात."

ती खाली बघून हसली. मग उठून तिने एक जाकीट आणलं आणि उलटं करून त्याच्यापुढे टाकलं. "आता तुमची पाळी. हे बघा अस्तर. हे काढलं तर जाकीट अंगावर उभं राहत नाही. तुमची उत्तरं तशीच. 'भूक आणि माज.' कुणाची भूक? कसला माज? मग पुढे काय झालं?"

"शहाण्याला दोन शब्दांत कळतं."

"रस्त्याने जाता जाता पाटी वाचल्यासारखा पेपर तपासत नाहीत. जेवढे गुण तेवढे मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्याला अस्तर."

तेव्हापासून, पाटी पुरी झाल्यावरही, पाऊस आला की दुकानात शिकवणी, असं ठरून गेलं. पाऊस नसला तरी तो ढगांकडे बघून रंगाचे डबे आवरायला लागायचा. तो "थांबा" म्हणाला की तिने पेन ठेवायचं. ती ठेवायची नाही. मग तो पेन ओढायचा, ती सोडायची नाही, आणि दोघांची बोटं तिथेच… जरा जास्तच वेळ राहायची. ती त्याच्या प्रत्येक ओळीवर "का?" विचारायची. त्याच्या उत्तरांत एका ओळीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

"'शेतकरी त्रासले होते.' का? किती जणं? कर कुणी लावला? अरे, तू ऐकतोयस का?"

बोलून गेली आणि जीभ चावली. मशीनमागे वडिलांनी कात्री उगाचच जोरात वाजवली.

"ऐकतोय," तो म्हणाला. "पुन्हा म्हण ना."

"काय? 'कर कुणी लावला?'"

"त्याच्या पुढचं."

ती कानांपर्यंत लाल झाली, आणि त्यानंतर तुम्ही-आम्ही संपलं ते संपलंच.

परीक्षेचा दिवस उजाडला. शिवणसंस्थेतली जागा याच खेपेपर्यंत धरलेली होती. आज हुकलं की कायमचं. पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न तिच्या जिवाभावाचा निघाला — यंत्रांमुळे कापडधंद्यात झालेले बदल सविस्तर लिहा. चाकं, चात्या, माग, सगळं एकदम डोळ्यांसमोर. पेन कागदाला टेकलंसुद्धा. मग तिने ते उचललं, खाली ठेवलं, अख्खा पेपर वाचला आणि प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलने प्रत्येक प्रश्नाच्या वेळेच्या रेघा मारल्या.

रेघ आली तेव्हा तिचा विणकर घर सोडून गिरणीच्या वाटेवर होता. वाक्य अर्धं. हात उठेना. आता एवढंच, आता एवढंच, असं मन विनवत राहिलं… पण ती त्याला वाटेवरच उभं करून, खाली जागा सोडून पुढच्या प्रश्नाकडे गेली. असं काम तिने जन्मात केलं नव्हतं.

मधेच पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. तो उभा राहिला होता. गेल्या खेपेला उठून गेला होता, तीच वेळ. तिचं पेन थांबलं. गेला हा… पुन्हा दोन ओळी खरडून निघाला.

"सर," तो म्हणाला, "पुरवणी."

पुरवणी! भूक आणि माज लिहून उठणाऱ्या माणसाला कागद पुरेना. तिची छाती अभिमानाने अशी भरून आली, की क्षणभर समोरचं अक्षर दिसेना. हा माझा आहे, असं तिला सगळ्या वर्गाला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि तेव्हाच तिला कळलं की तो खरंच तिचा आहे. पण पुढची रेघ जवळ येत होती. तिने डोळे पुसले आणि लिहीत सुटली. शेवटी मागे येऊन विणकराला गिरणीत पोचवलं, पूर्णविराम दिला आणि पेनाला टोपण लावलं. मग घंटा झाली. पर्यवेक्षक सवयीने ओढायला आले, तर तिने उत्तरपत्रिका आपण होऊन त्यांच्या हातात दिली.

निकालाच्या दिवशी दोघं धावतच दुकानात आले. दोघंही पास. गळ्यातला टेप काढून वडिलांनी गुपचूप त्याच्या खांद्यांचं माप घेतलं. "चित्रशाळेत असा रंगाने माखून जाणार का?" एवढं म्हणाले आणि चष्मा पुसत आत गेले. आतून त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होते, माझी लेक बाई झाली.

नव्या पाटीखाली दोघंच उरली.

"एक प्रश्न राहिलाय," तो म्हणाला. "आयुष्यभर माझ्यासोबत राहशील का? कारणं मी देतो. एक, तू विचारलं नसतंस तर मी काहीच कधी पुरतं सांगितलं नसतं. दोन, पाऊस नसला की मला दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, आणि पेंटरने पावसाची वाट बघणं म्हणजे त्याचं डोकं फिरलेलं असणार. तीन, परीक्षेच्या वर्गात मागे वळून बघायची सोय नव्हती, तरी तुझं पान उलटल्याचा आवाज आला आणि वाटलं, ही बघा, ही पुढच्या प्रश्नावर गेली, हे माझ्या बहिणीला कधी सांगतो… चार…" तो बोलतच राहिला. दोन शब्दांत जग आटपणारा माणूस थांबेचना. ती बोटांवर मुद्दे मोजत होती. एका हाताची बोटं संपली तशी तिने दुसरा हात घेतला.

अखेर तो दमून थांबला. "आता तू."

"हो," ती म्हणाली.

तो वाट बघत राहिला. "एवढंच? तू?"

"खाली जागा सोडलीय," ती म्हणाली. "बाकीचं सावकाश लिहीन."