उजवीकडचा काटा

साजगावच्या रस्त्याला, कारखान्यांच्या भिंती संपतात तिथं, नीलेशचं गॅरेज आहे. विलासची पिकअप तिथं जॅकवर चढली तेव्हा उन्हं चांगली तापली होती. विलास पोशीरचा. घरची भातशेती आहे, पण धंदा म्हणाल तर लग्नांना जनरेटर पुरवायचा. कर्जत-खालापुरात हल्ली भातापेक्षा फार्महाऊसं जास्त पिकतात, आणि मुंबईची माणसं तिथं लग्नं लावायला येतात. ऐन मुहूर्ताला वीज गेली तर पंचाईत, म्हणून जनरेटर लागतो. ते धूड दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं आणि ट्रॉली पिकअपच्या हुकाला अडकवलेली.

ट्रॉलीचा दांडा हुकावर आला की पिकअप मागून बसायची. बोनेट आभाळाकडं, स्टिअरिंग हलकं, आणि खड्ड्यात मागचं सगळं उसळायचं. यावर नीलेशनं उपाय सांगितला होता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ दोन्ही बाजूंना रबराच्या जाड पिशव्या बसवायच्या आणि त्यात हवा भरायची. केबिनमध्ये दोन काटे. वजन पडलं की पिशवी दबते आणि काटा वर जातो. डावीचा डावा, उजवीचा उजवा.

"एअर बॅग म्हंजे ती ठोकल्यावर तोंडावर फुटते ती?" विलासनं विचारलं होतं.

"ती तोंडासाठी. ही बुडासाठी," नीलेश म्हणाला.

खरं सांगायचं तर विलासला या पिशव्या गाडीसाठी नको होत्या. त्या नामासाठी हव्या होत्या.

नामा डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला. विलासचा बाप लडकू बैलगाडीनं नेरळच्या गिरणीवर भात न्यायचा तेव्हापासून तो त्याच्यासोबत. गाडीचा तोल सांभाळणं हे नामाचं काम. बैलगाडी मागून जड झाली की उलाळ होते, म्हणजे मागं कलंडते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून पुढं एक माणूस बसतो, आणि गोणी उतरवताना तो मध्येच उठला तर बैल मेलेच समजा. तसं एकदा झालंही होतं. त्या दिवसापासून लडकूचा नेम होता. बैल सोडायचे, गाडी टेकवायची आणि मग तोंडानं म्हणायचं, "उतर." तोवर नामा हलायचा नाही. डोक्यावर ऊन असो, पोटात भूक असो.

बैलगाडी गेली, पिकअप आली. आता नामा मागच्या फाळक्याला खेटून डाव्या कोपऱ्यात बसायचा, ट्रॉलीकडं तोंड करून. ट्रॉलीचं ओझं मागं सरलं तर पिकअपचं बूड उचललं जाईल, म्हणून मागं वजन हवं, असं त्याचं म्हणणं. लडकू गेल्यावर "उतर" म्हणायचं काम विलासकडं आलं. जित्याची खोड म्हणा, पण ट्रॉली सोडून विलासनं म्हटल्याशिवाय म्हातारा खाली पाय ठेवायचा नाही. आणि आता त्याचे हात थरथरायला लागले होते. एखाद्या वळणावर तो मागच्या मागं पडला तर, या विचारानं विलास वळणावर गाडी पार हळू घ्यायचा. बाप गेल्यावर बापासारखं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

त्या दिवशी साजगावला येतानाही नामा मागं बसूनच आला. विलासनं ट्रॉली सोडली आणि नीलेशला काय काय हवं ते सांगत आत गेला, मग समोरच्या टपरीवर चहाला. परत येतो तर गाडी जॅकवर आणि नामा भिंतीला टेकून उकिडवा.

"मी घेतलं हात धरून खाली," नीलेश म्हणाला. "येतच नव्हते."

"काका, आता तुला बसायची गरज नाय," विलास आनंदानं म्हणाला. "पिशव्या बसवतायत. तू घरी आराम कर."

नामा पिशव्यांकडं बघत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला. परतीला तो केबिनमध्ये बसला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि सबंध रस्ताभर दाराची कड घट्ट धरून होता.

एक गोष्ट नीलेशला पहिल्याच दिवशी खटकली होती. रिकाम्या गाडीत दोन्ही काटे सारखे हवेत, पण उजवा जरा वर होता. त्यानं काटा बदलला. नवाही तेवढाच वर.

"गाडीच एका अंगाला झुकती असंल," तो म्हणाला. "जुनी गाडी हाय. सवय असती एकेकीची." विलासनं मान हलवली आणि विषय संपला.

गाडी मात्र झकास झाली. ट्रॉली लावली तरी मागून बसेना, खड्ड्यात उसळेना. विलास खुशीत होता. नव्याचे नऊ दिवस, पण ते तरी सुखानं जावेत की नाही? दुसऱ्या दिवशी कशेळ्याहून येताना त्याचं लक्ष गेलं, डावा काटाही वर चढलेला. ट्रॉली सोडून बघितलं. गाडी रिकामी, काटा तिथंच.

त्यानं नीलेशला फोन केला, मग गाडी घेऊनच गेला. नीलेशनं साबणाचं पाणी लावून नळी न् नळी तपासली.

"हवा जाते हे मी रोज बघतो," तो कपाळ पुसत म्हणाला. "हवा येते हे आजवर नाय बघितलं. तू मागं काय ठेवलंयस?"

मागं काहीच नव्हतं. स्वच्छ झाडलेला पत्रा, कोपऱ्यात दोरी. नीलेश गमतीनं डाव्या कोपऱ्यात चढून बसला. काटा आणखी तेवढाच वर गेला. तो उतरला तसा तेवढाच खाली आला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एका माणसाचं वजन किती, ते काट्यावर दिसलं होतं.

त्यानंतर विलास गाडी चालवताना आरशात बघायचं टाळू लागला. भित्रा नव्हता तो, रात्री-अपरात्री स्मशानाच्या कडेनं पाण्याचा पंप चालू करायला जाणारा माणूस. पण खड्डा आला की काटा थरथरायचा, वळणावर किंचित खाली येऊन परत चढायचा. कोणीतरी वळणात आतल्या अंगाला झुकावं, तसा. ती झुकायची पद्धत त्याच्या ओळखीची होती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

आठवड्याभरात खांडसच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या एका फार्महाऊसवर लग्न होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, परत निघताना, मांडववाल्याच्या माणसांनी त्याला न विचारता वायरींची जड भेंडोळी आणि डिझेलचे ड्रम ट्रॉलीच्या मागच्या टोकाला रचले. विलास घाईत होता. पिशव्या आहेत, काय व्हायचंय, असं म्हणाला आणि निघाला.

उताराला लागला आणि ट्रॉली मागं वळवळली.

आधी थोडी, मग जास्त. मागचं वजन दांड्याला वर उचलत होतं. पिकअपचं बूड हलकं झालं, चाकं रस्ता सोडू लागली. डाव्या हाताला दरी, खाली वाडीची कौलं. दोन्ही काटे खाली खाली येत होते. उलाळ, त्याच्या डोक्यात आलं. गाडी उलाळ झाली.

ब्रेक दाबला तर ट्रॉली आडवी होणार. नाही दाबला तर पुढं वळण.

आणि काटे थांबले.

डावा चढू लागला. मग उजवा. भाताच्या गोणी एकावर एक पडाव्यात तसे चढत गेले. पिकअपचं मागचं अंग खाली बसलं, चाकांनी रस्ता धरला, ट्रॉली दोन हिसके देऊन सरळ झाली.

विलासनं वळण घेतलं आणि कडेला थांबून कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग उतरून त्यानं ड्रम पुढं ओढले. मागं पत्र्यावर कोणी नव्हतं.

तो घरी गेला नाही. ट्रॉलीसकट ठाकूरवाडीच्या पायथ्याला आला, गाडी सपाटीला लावली आणि चढण चढून नामाच्या घरी गेला. बाहेरच गोदाकाकी तांदूळ निवडत बसली होती, पण सूप मांडीवर तसंच होतं.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "मी कुनाला तरी धाडनारच व्हते. तुझा काका साजगावशी आला तवापासून आडवा नाय झाला."

"म्हंजे?"

"बाजंच्या कडंला बसतो. पाय खाली सोडून, कड धरून. भाकर देते ती हातात राहाते. नीज म्हनलं तर म्हनतो, अजून म्हनला नाय. कोन म्हनला नाय, काय म्हनला नाय, मला काय कळतंय? आज दुपारी तर पार डावीकडं झुकला, दात-ओठ खाल्लंन्, घामानं न्हाला. असा मरंल रं माझा मानूस."

आत अंधूक उजेडात नामा बाजेवर बसला होता. आठवड्यात अर्धा झाला होता. डोळे लाल, पायांना सूज, हाताच्या शिरा दोरीसारख्या ताठ. तोंड दाराकडं नव्हतं, मागच्या भिंतीकडं होतं. ट्रॉलीकडं तोंड करून बसावं तसं.

"काका," विलास बाजेपाशी उकिडवा बसत म्हणाला.

"ड्रम मागं लावू नको रं," नामा भिंतीकडं बघतच म्हणाला. "वझं सारं मागं गेलं व्हतं आज."

"काका, तू घरी हायस. नीज आता."

"कसा निजू? तू म्हनलास नाय."

साजगावचं सगळं विलासच्या डोळ्यांपुढं आलं. ट्रॉली सोडली, बोलत बोलत आत गेला, चहा. हात धरून नीलेशनं उतरवलं. आणि ज्याला बसू नको म्हणून एवढा खटाटोप केला, तो म्हातारा तेव्हापासून बसूनच होता. विलासला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"उतर, काका. उतर."

नामानं नकारार्थी मान हलवली. "ट्रॉली सोडलीस का?"

सोडली नव्हती. विलास धावत उतार उतरला. चाकांना दगड लावले, टेकू दिला, हुक काढला, पिकअप हातभर पुढं घेतली. मग फाळक्यापाशी उभा राहिला. संध्याकाळची गुरं परतत होती, खाली कोणाच्या तरी घरात टीव्ही लागला होता. त्या रिकाम्या डाव्या कोपऱ्याकडं बघून तो हळू म्हणाला, "सोडली काका ट्रॉली. उतर आता."

पिकअपचं डावं अंग किंचित वर आलं. केबिनमध्ये वाकून बघितलं, डावा काटा आपल्या जागी येऊन टेकला होता.

तो परत वर गेला तेव्हा गोदाकाकी नामाच्या अंगावर गोधडी घालत होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड हसत होतं. नामानं पाय वर घेतले होते, मुठी सुटल्या होत्या. विलास त्याच्या पायाशी बसला आणि सुजलेली पावलं चेपू लागला.

"दमलो रं," नामा डोळे मिटून म्हणाला. "पन मी एकला असतो तर आज नसती धरली गाडी. तुझ्या बापसानं जोर लावला."

विलासचा हात थांबला.

"उजव्या अंगाला बसतो ना तो. माझ्या बाजूला. त्याला पन म्हन आता. लय दिस झालं."

एवढं बोलून तो झोपला, आणि मग घोरूही लागला.

विलास अंधार पडायच्या आत खाली उतरला. लडकूच्या छातीत कळ आली तेव्हा याच पिकअपच्या मागं त्याला घातलं होतं, उजव्या अंगाला, डोकं नामाच्या मांडीवर. कर्जतच्या दवाखान्याच्या दारात चार अनोळखी माणसांनी स्ट्रेचर लावलं आणि ओढून घेतलं. विलास पुढं डॉक्टरला हाका मारत धावला होता. उतरा म्हणायला कोणी नव्हतंच.

तो केबिनमध्ये बसला. डावा काटा खाली होता. उजवा वर, पहिल्या दिवसापासून होता तेवढाच.

म्हणायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं, दोनदा उघडलं. दोनदा मिटलं. एकदा म्हटलं की काटा खाली येणार, आणि मग मागं खरोखरच कोणी नसणार.

उद्या म्हणू, त्यानं मनाशी ठरवलं. घरी नेऊन, अंगणात, बायकोला, वनिताला, बाहेर बोलावून, रीतीनं म्हणू. त्यानं गाडी चालू केली. पोशीरपर्यंतचा रस्ता सगळा उखडलेला होता.

"आबा, रस्ता खराब हाय," तो आरशात न बघता म्हणाला. "नीट बसा."

उजवा काटा जरासा खाली आला, परत वर गेला आणि स्थिर झाला. कोणीतरी सरकून फाळक्याला पाठ टेकवली होती.