डाव्या अंगाला कोण बसलं

अक्षय, मघाशी विचारलंस ना, धनेशदादा ढोलकी का सोडून बसला? सांगतो. पण बसा गप सगळे. मधी कोणी दात काढलेत तर उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या सालची गोष्ट. आठ मे, गुरुवार. सिद्धगडाच्या पायथ्याला हळद होती. धनेश दुपारी तीनला शहापूरच्या नाक्यावर शेखरच्या टेम्पोत चढला. बेंजोवर मी होतो. तुमाला वाटतं बेंजो पार्टी म्हणजे नुसती मजा. कसली डोंबलाची मजा! शेखरची पार्टी म्हणजे आधीची पार्टी. मेन पार्टी कल्याणची. ती येईस्तवर लोकांना बसवून ठेवायचं, एवढंच आपलं काम. माणसं जेवत असतात, पोरं भोकाड पसरतात, तेव्हा वाजवायचं. मांडव भरला की मुकाट्यानं उठायचं. सात वर्षं धनेश असाच उठत आला होता.

पण त्या दिवशी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मेन पार्टीचे धर्मामास्तर शेखरला बोलले होते, "तुझा ढोलकीवाला आज ऐकतो. हात बरा वाटला तर माझ्याकडं घेतो." देवच पावला म्हणायचा.

आता आपली रीत ठाव हाय ना? नवऱ्याला हळद लागायला लागली की शेवटच्या बाईचा हात लागेस्तवर ताल तोडायचा नाय. मधीच वादक बदलायचा असला तर नव्यानं जुन्याच्या डाव्या अंगाला बसायचं, त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं मारायची आणि त्याच ढोलकीवर हात टाकायचा. त्याचा हात बसला की जुन्यानं आपला काढायचा. तोंडानं काय बोलायचं नाय. सगळ्या पार्ट्यांत हेच चालतं.

मेन पार्टी आली नव्हती, म्हणून हळदीलाही आम्हीच वाजवत होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. माईक बंद, माझा बेंजो बंद. ढोलकीला कुठं लाइट लागते? धनेश वाजवत राहिला. आमच्या बाजूला डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मोबाईलच्या बॅटऱ्या सगळ्या नवऱ्याच्या तोंडावर. वाजवणाऱ्याकडं कोण बघतो?

तेवढ्यात त्याच्या डाव्या अंगाला कोण तरी बसलं.

गुडघ्यावर दोन बोटं.

धनेशला वाटलं, आली मेन पार्टी. मास्तरचा माणूस असंल. त्यानं ताल दिला, हात काढला. एक मात्रा इकडची तिकडं झाली नाय.

घसा सुकला होता म्हणून तो घरामागं गेला. नवऱ्याची आजी धोंडीबाई पाण्याच्या पिंपाशी बसली होती. तिनं तांब्या पुढं केला.

"आली बाबा मेन पार्टी," धनेश बोलला.

"कुठं आली रे? आमचा साईनाथ फाट्यावर उभा हाय त्यांच्यासाठी. आताच फोन आला. गाडीचा पत्ता नाय."

धनेशनं तांब्या खाली ठेवला.

मग वाजवतंय कोण?

त्यानं कान दिला. बघा, वाजवणाऱ्याला आपला हात वळखता येतो. धनेशचं मनगट लहानपणी मोडलेलं. समेच्या आधी त्याचा डावा जरासा मागं राहायचा. किती घोटलं तरी ती खोड गेली नाय. आणि आता मांडवात... डावा मागं राहत होता. तिथंच. तसाच...

तो धावत पुढं आला. लाइट आली. हळद नुकती संपलेली. चटईवर ढोलकी. बाजूला कोणी नाय.

"अरे, उठलास कधी?" शेखर बोलला. "आज काय वाजवलंस रे!"

मी त्याच्याकडं बघितलं. तोंडावर रगत नव्हतं.

थोड्या वेळानं धर्मामास्तर उतरले ते सरळ त्याच्यापाशी आले. "फाट्याला पोचायच्या आधीच टायर बसला. काळोखात तुझीच ढोलकी ऐकत बसलो होतो. काय हात हाय! रविवारी मुरबाडला ये. माझ्याकडं."

सांगायला पायजे होतं त्यानं. मास्तर, तो मी नव्हतो. एवढंच. पण सात वर्षं रे पोरांनो... सात वर्षं मागं बसलेल्याची जीभ तेव्हा वळत नाय. तो वाकला आणि बोलला, "तुमचा आशीर्वाद." मला त्याचा राग येतो, आणि कीवही येते.

रविवारी, अकरा तारखेला, ढोलकी पाठीला बांधून तो मोटरसायकलनं निघाला. किन्हवली सोडली तेव्हा आठ वाजून गेले होते. उशीर झाला म्हणून गाडी कडेला घेऊन मास्तरांना फोन लावला. उचलला माधुरीनं, त्यांच्या पार्टीत गाते ती.

"मास्तरांना सांगा, धनेश बोलतोय, शहापूरचा. वाटेत हाय."

ती हसली. "मस्करी नको रे. धनेश इथं वाजवतोय. माझ्यासमोर बसलाय."

फोनमधनं ढोलकी येत होती. समेच्या आधी... डावा मागं.

रस्त्यावर एक गाडी नाय. एक कुत्रं नाय.

"थांब," माधुरी बोलली. "तो काय तरी सांगतो..."

ढोलकी चालूच.

"बोलतो, ताल परत पायजे तर ये. डाव्या अंगाला बस."

धनेशनं फोन बंद केला. जिच्यासाठी सात वर्षं घातली, ती जागा दहा मैलांवर होती. तिथं तोच बसला होता. आणि तो तिथं नव्हता. मग त्यानं गाडी वळवली. घरी येऊन ढोलकी खुंटीला लावली आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

सकाळी कल्याणला परतणारा मेन पार्टीचा टेम्पो वाट वाकडी करून दारात थांबला. ड्रायव्हरनं धनेशच्या आईच्या, जनीच्या हातात एक ढोलकी दिली. "रात्री मांडवात इसरून गेला तुमचा पोरगा."

जनीनं ती आत नेली. खुंटीकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

मी स्वतः गेलो बघायला. दोन ढोलक्या. लाकडाला तीच खाच, तीच गाठ मारलेली दोरी, दोन्हींवर त्याच्या बापानं खिळ्यानं कोरलेलं तेच वाकडं नाव. आपली कुठली, ते धनेशला सांगता येत नाय. म्हणून तो एकीलाही हात लावत नाय.