ज्योतीखालची पायरी

फ्रान्समधल्या आर्ब्वाच्या परिसरात द्राक्षतोडणी सरली की आंबत चाललेल्या रसाचा गोडसर, डोक्यात चढणारा दर्प गल्लीबोळांतून भरून राहतो. अशाच एका दुपारी क्लोतिल्द आपल्या नवऱ्याचे, आंतेल्मचे, जेवण घेऊन रस आंबवायच्या तळघराकडे निघाली: पाव, डोंगरातले चीज आणि मूठभर अक्रोड.

दाराशी तिने मेणबत्ती पेटवली. रस आंबू लागला की त्यातून निघणारी विषारी हवा तळाशी साचते. तिला ना रंग, ना वास. म्हणून ज्योत गुडघ्याशी धरून उतरायचे आणि ती विझेल तिथून मागे फिरायचे, हा दंडक तिच्या माहेरी आणि सासरी एकच होता. तो मोडणारे चर्चमागच्या मातीत निजले होते.

अर्ध्या वाटेवर ज्योत लवली, निळी झाली आणि विझली.

"आलीस का बाई एकदाची?" खालच्या काळोखातून आंतेल्मचा आवाज आला. "पोटात कावळे कोकलताहेत इथं!"

क्लोतिल्द होती त्याच पायरीवर थबकली.

"आंतेल्म, वर ये! ज्योत टिकत नाहीये."

"वाऱ्यानं विझली असेल. घाबरट कुठली!... अगं, पिपाखाली पाय अडकलाय माझा. जरा हात दे..."

तळघराला खिडकीच नव्हती. वारा येणार कुठून? तिने पुन्हा काडी ओढली. ज्योत त्याच पायरीवर मेली. जिथे ज्योत जगत नाही, तिथे माणसाला दोन शब्दही धड उच्चारता येत नाहीत, हे ती जाणून होती. पण तो खरोखरच अडकला असेल तर? शहाणपणाला न जुमानता तिचे पाऊल पुढच्या पायरीकडे वळले.

तोच मागून कुणीतरी तिचा दंड धरून तिला वर, उन्हात खेचले. तो आंतेल्म होता.

"वेड लागलंय का तुला? मी मागं टोपल्या धुतोय. कुणाशी बोलत होतीस?"

"तूच... तूच हाक मारलीस खालून."

"मी? वासानंच चढली वाटतं बाईसाहेबांना!" तो हसला.

तेवढ्यात खालून पुन्हा हाक आली. या खेपेस आवाज क्लोतिल्दचा होता.

"आंतेल्म... मी इथं पडलेय रे... तिच्याशी बोलू नकोस..."

आंतेल्मचे हसू मावळले. त्याने तिचा दंड सोडला आणि मागे सरत तो तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहू लागला.

"काहीतरी बोल," तो पुटपुटला. "क्लोतिल्द... बोल ना."

तिने ओठ उघडले. भर उन्हात, मोकळ्या अंगणात, बोलण्यासाठी तिने श्वास घेऊ पाहिला.

श्वास आत येईना.