अकरा नंबरचं झाड

मलावीतल्या त्या गावात गोरखचिंचेची सत्तावीस झाडं होती आणि त्या सकाळी सगळ्यांची परीक्षा होती. परीक्षक मनोहर खांबेटे, वय बावन्न, मूळचे चिपळूणचे. हातात रसमापी. फळाच्या गरावर उजेडाची तिरीप टाकायची, की हे यंत्र क जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह मोजून शंभरपैकी गुण सांगायचं. साठाच्या वरची झाडं राहणार होती. उरलेली पाडून तिथे पहिल्या आलेल्या झाडाची कलमं लागणार होती. जगाला सकस फळ हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

तीन नंबर एक्याण्णव गुणांनी सगळ्यांत पुढे होतं.

“अकरा नंबर, तेवीस,” यंत्र म्हणालं.

खांबेट्यांनी खोडावर फुली मारायला लाल खडू काढला. सावलीत फळं फोडत बसलेल्या तिसुंगे आजींनी मान वर केली. त्यांचं चिचेवा भाषेतलं बोलणं खांबेट्यांच्या कानातला दुभाष्या मराठीत सांगत होता, आणि खांबेट्यांचं बोलणं आजींना चिचेवात.

“याला किती दिलेस रे?”

“तेवीस. नापास आहे, आजी.”

“फळ कधी तोडलंस?”

“आत्ताच. तुमच्यासमोर.”

“जूनमध्ये. जूनमध्ये भूक कोणाला असते?” आजींनी फळ दगडावर आपटलं. “बाकीच्यांची फळं ऑगस्टपर्यंत गळून जातात. हे मेलं कंजूष. जानेवारीपर्यंत सोडत नाही. तेव्हा घरातला मका संपलेला असतो, शेतातला हिरवा असतो. माझी चार पोरं तुझ्या या तेविसावर वाढली.”

खांबेट्यांनी यंत्रात महिन्याचा रकाना शोधला. रंगाचा होता, वासाचा होता, सालीच्या जाडीचाही होता. त्यांनी मुख्यालयाला विचारलं. उत्तर चार सेकंदांत आलं: ‘भूक हा फळाचा गुणधर्म नाही.’

तीस वर्षांच्या नोकरीत खांबेट्यांनी एकही आकडा बदलला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता आणि सहकाऱ्यांना वैताग. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, तीन नंबरचं फळ फोडलं आणि अकराच्या नावावर यंत्रासमोर धरलं.

“ब्याण्णव.”

खडू खिशात गेला. आजींनी अकराचा पांढरा, कोरडा गर त्यांच्या तळहातावर ठेवला. तो इतका आंबट होता, की खांबेट्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

“वाचलं ना?” आजींनी विचारलं.

तेवढ्यात यंत्र पुन्हा बोललं, अर्थात फक्त मराठीत. “अभिनंदन. अकरा नंबर जिल्ह्यात पहिलं. झाड कलमांसाठी राखीव. उद्या कुंपण घातलं जाईल. यापुढे फळं कोणीही तोडू नयेत.”

“काय म्हणतंय ते?”

खांबेटे तोंडातली बी बराच वेळ इकडून तिकडे फिरवत राहिले.

“आजी,” ते शेवटी म्हणाले, “जानेवारीत तुम्हाला केवढं उंच कुंपण ओलांडता येतं?”