साहेबाच्या कोटातलं घड्याळ

"ह्यो घड्याल माजा न्हाय."

नीराबाईंनी साखळीचं पितळी घड्याळ हेमांगीपुढे टेबलावर आपटलं. मांडव्याच्या जेट्टीजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या मीठनाक्याचा, म्हणजे मिठावर कर घेणाऱ्या चौकीचा, प्रसंग नुकताच सादर झाला होता. मंडळी खोलीत तोंडाचा रंग पुसत होती.

हेमांगीचं डोकं सणकलं. नाटकमंडळ तिचं, घड्याळ परत देण्याचा शब्दही तिचाच. मिठागरातल्या या म्हातारीच्या दारात खेटे घालून तिनेच हे घड्याळ मागून आणलं होतं. असं चालू घड्याळ विकत घ्यायची मंडळाची ऐपत नव्हती. मंडळाची बाकीची घड्याळं मुंबईच्या जुन्या बाजारातली, बंद पडलेली. टेबलावर होतं ते त्यातलंच एक, नीराबाईंच्या घड्याळासारखं दिसावं म्हणून मुद्दाम आणखी जुनं केलेलं.

"सासऱ्याची येवरीच आठवन हाय," नीराबाई म्हणाल्या. "मना ती पायजे."

हेमांगीने दार लावून घेतलं. "घड्याळ कुणाकडे होतं?"

"माझ्या कोटात," साहेबाचं काम करणारा प्रणय म्हणाला. "प्रयोगात बंदच होतं. वाटलं, चावी द्यायची राहिली."

म्हणजे अदलाबदल प्रयोगाआधीच झाली होती.

"जागृती?"

कपडे सांभाळणारी जागृती रडकुंडीला आली. "कोट माझ्या पेटीत होता, ताई. पण पेटीला कुलूप नाही. आणि पितळ जुनं दिसावं म्हणून मी चुलीच्या धुरावर काळं करते, हे सगळ्यांना माहीत आहे."

"सुजित?"

सुजितकडे प्रयोगातल्या सुऱ्या असायच्या. स्वस्तातल्या नव्या सुऱ्या तो पिंपातल्या खाऱ्या चिखलात पुरून गंजवायचा. "मला काय विचारतेस? मी बरा नि माझं पिंप बरं. पोरंबाळं हात कापून घेतील म्हणून कुलूप लावतो. चावी गळ्यात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

हेमांगीने घड्याळ उजेडात धरलं. बिजागरीत राखाडी चिखल वाळला होता. झाकणावर लांबट तांबडा डाग होता. तिने नखाने खरवडला तर गंजाचा पापुद्रा निघाला.

"प्रणय, पितळ गंजतं?"

"छे. हिरवं पडतं."

"मग हा गंज लोखंडाचा. घड्याळ चिखलात सुरीला चिकटून पडलं होतं. जागृतीच्या हातचं असतं तर काजळी असती. चिखल आणि सुऱ्या एकत्र असतात ते एकाच पिंपात, आणि त्याची चावी कुणाच्या गळ्यात आहे ते आत्ताच ऐकलं आपण. सगळं चिखलात घालायची सवय नडली तुला, सुजित. बॅग उघड."

सुऱ्या गुंडाळलेल्या फडक्यात नीराबाईंचं घड्याळ टिकटिकत होतं.

"विकणार नव्हतो," सुजित गुरकावला. "म्हातारी नेऊन ट्रंकेत टाकणार. आपल्याला असं परत कधी मिळालं असतं? मंडळासाठीच केलं."

"मंडळासाठी?" हेमांगी म्हणाली. "चोरी तुझी आणि नाव आमचं?" तिने पोलीस ठाण्याला फोन लावला.

नीराबाईंनी घड्याळ पदराच्या गाठीत बांधलं. दारापाशी जाऊन त्या थांबल्या.

"ही मानसं चांगली हायेत, जुना सामान द्या, असा मीच गावात फिरून सांगलंय," त्या म्हणाल्या. "आता परत सगल्यांचे घरी जावाला लागल."